मश्दीच्या शेतात कुणीच राबत नाही

आमचा मश्दी भला माणूस आहे. इतका भला, की त्याच्या भलेपणापायी मी पुरती जेरीस आलेय.

एक गंमत सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. एकदा परदेशात वाढलेला एक पाहुणा आमच्या अंगणात आला. काळ्या कोकराला बघून म्हणाला, "काय गोड आहे हो!" झालं. मश्दीनं छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तुमचंच आहे." आता असं म्हणायची आमची रीतच आहे. ऐकणाऱ्यानं "छे छे, तुमच्याकडेच शोभतं" म्हणायचं, आपण पुन्हा आग्रह करायचा, त्यानं पुन्हा नको म्हणायचं, आणि कोकरू जिथल्या तिथं. या बिचाऱ्याला रीत कुठली ठाऊक? त्यानं कोकरू उचललं आणि गाडीत ठेवलं. आणि मश्दी! मश्दीनं वर गाडीचं दार लावून दिलं! मी ओल्या हातांनी धावत बाहेर येईपर्यंत रस्त्यावरची धूळसुद्धा खाली बसली होती.

माझा नवरा तो. नाव त्याचं नेमत. मशहदची यात्रा करून आला तेव्हापासून सगळं गाव त्याला मश्दी म्हणतं. मीही म्हणते. फक्त भांडायचं असलं की नेमत म्हणते, म्हणजे त्याला आधीच अंदाज येतो.

आमचं गाव बानकमर वर डोंगराच्या उतारावर आहे. इथं ना विहीर ना पाट. पाऊस आणि बर्फ जेवढं देतील तेवढ्यावर आमचा गहू. खाली नदीकाठी पायरूद. तिकडे पाटाचं पाणी, पंप, हार्वेस्टर, सगळा थाट. ते आम्हाला ढगमोजे म्हणतात, म्हणजे ढग मोजत बसणारे, आम्ही त्यांना बेडूक म्हणतो. लग्नाकार्यात शेजारी शेजारी बसतो, एकमेकांच्या ताटात कबाब वाढतो आणि तोंडानं हेच चालू असतं.

तर माझ्या सियामकचं मन बसलं नेमकं एका बेडकाच्या लेकीवर. मला कसं कळलं? जो पोरगा घरात स्वतःचा पेला विसळत नाही, तो आठवड्यातून दोन-दोनदा दळणाची पोती घेऊन पायरूदच्या गिरणीत जायला लागला.

"एवढ्या पिठाचं करायचं काय रे?" मी विचारलं. "गावजेवण घालायचंय?"

"आई, ताजं पीठ बरं असतं."

"आणि त्या ताज्या पिठाचं नाव काय?"

त्याचे कान लाल झाले. "गेलारे," म्हणाला.

गेलारे म्हणजे आगा जहानबख्शची लेक. जहानबख्श हा पायरूदमधला मोठा बागायतदार. आवाज मोठा, मिशी मोठी, आणि बढाई या दोन्हींपेक्षा मोठी. पण माणूस शब्दाचा पक्का, हेही सांगते, नाही तर नंतर म्हणाल खावर एकाच बाजूनं बोलते.

गहू पिवळा पडायला लागला तेव्हा आम्ही मागणी घालायला गेलो. घरच्या तुपाचा डबा आणि केर्मानशाहच्या बाजारातली तांदळाची बिस्किटं घेतली. गेलारेनं चहा आणला. पोरीचा ना हात थरथरला ना नजर खाली गेली. सियामकसमोर ताट धरताना तिनं फक्त एक भुवई उचलली, आणि माझ्या लेकानं साखरेचा खडा दातांत धरायच्या ऐवजी सदऱ्याच्या खिशात घातला. मला तर पोरगी तिथल्या तिथं पसंत पडली.

जहानबख्शनं मिशीवर हात फिरवला. "मश्दी, तुमचा पोरगा हिरा आहे. पण माझी पोर पाण्याकाठी वाढलीय. तुमच्या जमिनीला पाणी कधी मिळतं? खुदाला आठवण झाली की!"

"खरंय, अगदी खरंय," मश्दी म्हणाला.

मी त्याला चिमटा काढला.

"म्हणून मी काय म्हणतो," जहानबख्श पुढे म्हणाला, "ती विद्यापीठातली इंजिनीअरबाई यंदा दोन्ही गावांची शेतं मोजतेय ना, तिलाच ठरवू दे. तुमचा आकडा माझ्या वर गेला, तर मिठाईचं ताट मी माझ्या हातानं उघडीन. खाली राहिला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"तुमचा शब्द माझ्या डोळ्यांवर," मश्दी म्हणाला. त्यानं दुसरं काय म्हणायचं होतं? त्याला कुणी "मश्दी, तुझं छप्पर काढून नेऊ का?" विचारलं, तरी तो शिडी धरून उभा राहील.

त्या बाईचं नाव मरजान. तिचं काम काय ते सियामकनं मला परत येताना वाटेत समजावलं. शेतात काय घातलं आणि शेतातून काय निघालं, याचा ती मेळ घालायची. बी, खत, डिझेल, पाणी, माणसांची मेहनत हे एका बाजूला. गहू आणि भुसा दुसऱ्या बाजूला. गहू कुणाचा जास्त हा प्रश्नच नाही. घातलेल्याच्या मानानं किती निघाला, हा प्रश्न. थोडं घालून ज्यानं जास्त काढलं तो वर, भरमसाट ओतून ज्यानं बेताचं काढलं तो खाली. मग तो ओलिताचा असो की कोरडवाहू.

हे ऐकून मला जो हुरूप आला म्हणता! आम्ही खत घालतो ते बकऱ्यांच्या लेंड्यांचं. डिझेल कशात घालणार? पाण्याचं तर नावच नको. मी मनातल्या मनात लग्नाच्या पंक्ती वाढायलाच घेतल्या.

मरजान आमच्याकडे येणार त्या दिवशी सकाळीच मी मश्दीला बजावलं. "हे बघ, पोराचं लग्न यावर आहे. विचारील त्याचं सरळ उत्तर दे. भीडबीड काही नको."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर बरं होतं. दोन धपाटे तरी घातले असते."

एवढं बोलून मी शेताकडे गेले. कापणी संपत आली होती, पण वरच्या पट्टीतल्या पेंढ्या अजून खळ्यावर यायच्या होत्या. आमचा उतार इतका उभा, की तिथं गाढवसुद्धा विचार करून पाय टाकतं. दिवसभर मी आणि माझी जाऊ पाठीवर पेंढ्या घेऊन खाली-वर करत होतो. संध्याकाळी घरी आले तर जीप गेलेली, रस्त्यावरची धूळ खाली बसलेली. मला तेव्हाच कोकरू आठवायला हवं होतं.

"नीट सांगितलंस ना?"

"अगदी नीट. पोरगी फार खूश होऊन गेली. चहा प्यायली, मी तिला अक्रोड दिले."

"आणि सांगितलंस काय?"

"जे सांगायचं असतं ते," म्हणाला आणि कुशीवर वळला.

निकाल सांगायचा दिवस पेरणीच्या जरा आधी ठरला. जागा कुठली? जहानबख्शचं अंगण! त्यानं आपणहून सगळ्यांना बोलावलं. अक्रोडाच्या झाडाखाली गालिचे अंथरले, चहाचा समोवार पेटवला, कलिंगडं कापली. दोन्ही गावं लोटली. एका कोपऱ्यात झाकलेलं मिठाईचं ताट ठेवलं होतं. लोकांना दिसावं अशाच बेतानं ठेवलं होतं, म्हणजे आम्ही हरल्यावर ते सगळ्यांच्या देखत आत नेता आलं असतं. त्याला जिंकायची एवढी खात्री होती.

मरजान उभी राहिली. चेहरा हसरा, पोरगी चटपटीत. "पहिला क्रमांक सांगते," ती म्हणाली. "दोन्ही गावांत मिळून, ओलिताची आणि कोरडवाहू सगळी शेतं धरून, शंभरपैकी शंभर... बानकमरचे मश्दी नेमत!"

आमच्या बाजूनं जो गलका उठला! बायकांनी किलकाऱ्या मारल्या. माझ्या जावेनं आनंदानं माझ्याच पाठीत गुद्दा घातला. सियामक तर उभाच राहिला आणि मग आपण का उभे राहिलो ते न कळून पुन्हा बसला. समोवारामागून गेलारेचे दात दिसत होते.

"आणि माझं?" जहानबख्शनं विचारलं.

मरजाननं जरा घसा खाकरला. "आगा जहानबख्श, तुमचं शेत... शेवटून दुसरं."

 जहानबख्शची मिशी खाली आली. खोटं नाही सांगत, खरंच खाली आली. पण मी म्हटलं ना, शब्दाचा पक्का माणूस. तो उठला, ताटाजवळ गेला, झाकण काढलं आणि जड आवाजात म्हणाला, "घ्या. तोंड गोड करा. दिलेला शब्द आहे."

बिस्किट माझ्या हातात आलं. मी ते तोंडात टाकलं. खुदाशप्पथ, इतकं गोड काही मी जन्मात खाल्लं नव्हतं.

तेवढ्यात मरजान पुढे बोलायला लागली. "या घराचं मला फार नवल वाटलं," ती म्हणाली. "ओलिताचा गहू एकरी जास्तच निघतो, पण त्यात ओततातही खूप. मश्दींच्या शेतात मात्र जवळजवळ काहीच घालावं लागत नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे घरच्या बायकांची मेहनत. इतर घरांत तासन् तास लागतात. इथं शून्य! मी मश्दींना तीनदा विचारलं, घरातल्या बायका शेतात काय करतात? ते म्हणाले, काही नाही, त्या बसून असतात. आम्ही तरी काय करतो, खुदा पिकवतो."

बिस्किट माझ्या घशात अडकलं.

बसून असतात!

मी मश्दीकडे बघितलं. मश्दी अक्रोडाच्या झाडाकडे बघत होता, फांद्या मोजत असल्यासारखा. मग माझ्या सगळं लक्षात आलं. आमच्या रीतीत पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं, दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा खरं सांगायचं. कामाचं कुणी विचारलं तर आपण कसली मेहनत केली म्हणायचं, बढाई दिसायला नको. ती पोरगी शिकलेली असली तरी आमच्यातलीच. तिनंही रीतीप्रमाणे तीनदा विचारलं. पण मश्दी पडला जगावेगळा सभ्य. तो तिसऱ्यांदाही तेच म्हणाला. स्वतःचं काम नाही म्हणाला ते एक वेळ चालेल, पण माझंही त्यानंच परस्पर दान करून टाकलं. कोकरासारखं. गाडीचं दार लावून!

आता ऐका माझी गत. गप्प राहिले तर सून घरात आलीच. ताट उघडलंय, बिस्किट तोंडात आहे. बोलले तर तेवढी मेहनत आमच्या बाजूला चढणार, आकडा खाली येणार आणि पोराचा जीव जिच्यात अडकलाय ती पोरगी हातची जाणार. मी सियामककडे बघितलं. किती वर्षांनी असा हसत होता. मी स्वतःला म्हटलं, गप बस खावर. एवढी वर्षं गप बसलीस, आणखी एक दिवस बस.

मी तो घास गिळायला बघितला. वरून चहा घेतला. नाही उतरला. डोक्यात अशी तिडीक गेली होती की चहासुद्धा थंड वाटला.

"नेमत," मी म्हणाले.

मश्दी जागच्या जागी दचकला.

"मी जरा उठते हं. एवढी वर्षं बसून आहे ना, उठायला वेळ लागतो."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"मरजान, पोरी, लिही. थंडी सरली की आमची जमीन दगड वर काढते. दर वर्षी नवे. ते कोण वेचतं? शेताच्या कडेला त्या दगडांचा बांध झालाय माझ्या डोक्याइतका उंच, तो काय पाखरांनी रचला? बियाणं कोण चाळतं? गहू बोटभर वर आला की वाकून तण कोण काढतं? आमच्या उतारावर हार्वेस्टर चढवला तर कोलांट्या खात तो या अंगणात येऊन पडेल, म्हणून आम्ही विळ्यानं कापतो. इर्जिकीला अर्धं गाव येतं, गाणी म्हणत कापतं, मजा असते. पण त्या सगळ्यांच्या रोट्या, त्यांचं ताक, त्यांचा चहा कुणाच्या हातचा? आणि तू आमच्या घरी आलीस ना, हा तुला अक्रोड फोडून देत होता ना, तेव्हा मी कुठं होते माहितीये? पेंढ्या घेऊन डोंगर उतरत होते! हा सांगत होता बसलीय आणि माझे पाय लटपटत होते!"

माझा आवाज फाटला. मला रडू येत होतं की राग, मलाच कळेना.

"खावर," मश्दी हळूच म्हणाला, "अगं, मला वाटलं मी चांगलं बोलतोय."

"तुझं चांगलं बोलणं मला फार महागात पडतं!"

मरजाननं कपाळावर हात मारून घेतला. "चौथ्यांदा विचारायला हवं होतं मी!" म्हणाली आणि लिहायला लागली. तोंडभर हसत होती. चूक सापडली म्हणून इतका आनंद झालेलं माणूस मी तेव्हाच पाहिलं.

मला वाटलं आता सगळे मला गप्प करतील. झालं भलतंच. जहानबख्शची बायको तूबा समोवाराजवळून उठली. शांत बाई, दहा शब्दांतले नऊ ती मनातच ठेवते.

"थांब गं खावर, एकटीच नको बोलूस," ती म्हणाली. "पोरी, यांनी पाण्याच्या पाळ्या किती सांगितल्या?"

"आठ," मरजान म्हणाली.

"चार! उरलेल्या चार यांनी मिशीनं दिल्या."

अख्खं पायरूद खो खो हसलं.

"तूबा, पाहुण्यांसमोर..." जहानबख्श म्हणाला.

"पाहुण्यांसमोरच तर थापा मारल्यात! खताची किती पोती सांगितलीत? त्यातली निम्मी कोठारात आहेत. कोंबड्या अंडी घालतात त्यांच्यावर."

"मग काय सांगू? शेताला हात आखडता घेतो म्हणून सांगू? लोक कंजूष म्हणतील!"

"आणि शेतात दारं कोण धरतं, तेही लिही," तूबा म्हणाली. "पाटाचं पाणी आपल्या पायांनी वाफ्यात चालत जात नाही. गारठ्यात गुडघाभर चिखलात खोरं घेऊन मी उभी असते, गेलारे उभी असते. हे बांधावरून ओरडतात, इकडे वळव, तिकडे वळव. ओरडण्याचेही तास असतील तर तेही लिही, भरपूर निघतील."

मग काय, बांधच फुटला. दोन्हीकडच्या बायका मरजानभोवती गोळा झाल्या. माझं लिही, माझं लिही! आमच्या मश्दीसारखे आणखीही सभ्य निघाले, आणि जहानबख्शसारखे थापाडेही. पुरुष कलिंगडाच्या फोडी हातात घेऊन नुसते बघत होते. माझा राग कुठल्या कुठे गेला. कितीतरी दिवसांनी मी पोट धरून हसले.

मरजाननं तिथंच लॅपटॉप मांडीवर घेऊन पुन्हा हिशेब केला. बोटं थांबली तसं माझं हसू थांबलं.

"आगा जहानबख्श बरेच वर आले," ती म्हणाली. "घरच्यांची मेहनत वाढली, पण खत आणि पाणी निम्म्यावर आलं ना. आणि मश्दी खाली आले. दोघांत फार अंतर नाही, पण..." ती माझ्याकडे बघून थांबली. "वर आगा जहानबख्श आहेत, खावर खानम."

 जहानबख्शची मिशी पुन्हा जागेवर गेली. तो उठला. ताटावरचं झाकण त्यानं उचललं आणि ताटावर परत ठेवलं. जोरात नाही, हळूच ठेवलं. त्याला वाईट वाटत होतं, हे मला दिसलं. पण शब्द म्हणजे शब्द. तो दोन्ही बाजूंना सारखाच कापतो.

सियामक खाली मान घालून गालिच्यावरची नक्षी बोटानं गिरवत होता. लहानपणी मार खाल्ल्यावर असाच बसायचा.  अगं बाई, मी काय करून बसले! स्वतःच्या तोंडानं स्वतःच्या पोराचं लग्न मोडलं. मश्दीनं माझ्या हातावर हात ठेवला.

तेवढ्यात चहाचं ताट घेऊन गेलारे आली. रीतीप्रमाणे आधी वडीलधाऱ्या पुरुषांकडे जायचं असतं. ती सगळ्या पुरुषांना ओलांडून सरळ माझ्यासमोर आली आणि वाकून ताट धरलं.

"खावरमावशी, घ्या. पाय दुखत असतील."

"गेलारे!" जहानबख्श म्हणाला.

"बाबा, मला त्यांच्या घरी जायचंय."

"आकडा कळला ना? त्यांचं शेत खाली आहे."

"आकडा शेताचा आहे. मला शेताशी लग्न करायचं नाहीये." पोरगी वळली. आवाज चढला नव्हता, पण अंगणाच्या टोकापर्यंत ऐकू जात होता. "मी शाळेतून आल्यापासून दारं धरतेय. आज पहिल्यांदा ते कुणी लिहून घेतलं. का, तर खावरमावशींनी तोंड उघडलं म्हणून. गप्प बसल्या असत्या तर मी आत्ता त्यांची सून असते, बाबा. त्यांना ते दिसत होतं. तरी बोलल्या. सासू अशी असेल तर मला कोरडवाहू चालेल."

मी तिच्या ताटातला पेला उचलला आणि गरम गरम चहा एका दमात पिऊन टाकला.  

जहानबख्शनं तूबाकडे बघितलं. मदत मिळेल असं त्याला वाटलं असावं.

तूबा म्हणाली, "तुम्ही शेवटून दुसरे होतात. वर कुणी आणलं तुम्हाला?"

"तू."

"मग तो आकडा माझा. माझ्या आकड्यावर मुलगी द्यायची की नाही, ते मी ठरवणार. दिली!"

 जहानबख्शची मिशी हलायला लागली, आणि मला कळलं की हा माणूस हसू दाबतोय. त्यानं ताटाचं झाकण पुन्हा काढलं आणि ते थेट घराच्या छपरावर भिरकावून दिलं.

"सारखी उघडझाप कोण करणार!" तो ओरडला. "घ्या! आणि मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो!"

ते झाकण अजून त्या छपरावर आहे. खाली काढू देत नाही तो.

पेरणी उरकली आणि लग्न लागलं. आमच्याच अंगणात, डोंगरावर पहिलं बर्फ दिसायच्या आत. नवरा-नवरीच्या डोक्यावर आम्ही बायकांनी पांढरं कापड धरलं होतं आणि त्यावर साखरेचे खडे घासत होतो. निकाह लावणाऱ्या आगांनी गेलारेला विचारलं, कबूल आहे का? पहिल्या हाकेला नवरीनं उत्तर द्यायचं नसतं. सगळ्या बायका ओरडल्या, "नवरी फुलं खुडायला गेलीय!" दुसऱ्यांदा विचारलं. तेव्हा नवरी गुलाबपाणी आणायला गेलीय असं म्हणायचं असतं, पण माझी जीभ कुठली थांबायला!

"नवरी दगड वेचायला गेलीय!" मी ओरडले.

"लिहून घेतलं!" मागून मरजानचा आवाज आला. तिला लग्नाला बोलावलं नसतं तर मलाच कुणी जेवू घातलं नसतं.

कापडाखाली गेलारे इतकी हसली की तिसऱ्यांदा तिचा होकार आम्हाला नीट ऐकूही आला नाही. आगांनी तो चौथ्यांदा विचारून घेतला.

मग जेवणं झाली. केशरभात, कबाब, वर आमचं घरचं तूप. पाहुणे हात धुऊन निघायला लागले. निघताना यजमानाला म्हणायचं असतं, "हात न दुखोत तुमचे," आणि यजमानानं म्हणायचं, "छे, कसला त्रास, काहीच नाही केलं." मश्दी दाराशी उभा होता आणि प्रत्येकाला छातीवर हात ठेवून हेच म्हणत होता. मी आत भांड्यांच्या ढिगात होते. मला सवय आहे. मी म्हटलं, चालू दे.

शेवटी जहानबख्श आला. "मश्दी, काय मेजवानी दिलीत! हात न दुखोत तुमचे."

"कसला त्रास," मश्दी म्हणाला, "काहीच नाही..."

आणि थांबला. मी भांडं हातात घेऊन दाराकडे बघितलं. मश्दीचे कान लाल झाले होते. सियामकचे होतात ना, तसेच. कुणाचं तोंडावर खोडून काढणं त्याला जन्मात जमलेलं नाही.

"माझे नाही दुखत," तो म्हणाला. "तिचे दुखतात. मी फक्त दाराशी उभा आहे. तुम्ही आत जाऊन तिला म्हणा."

 आणि जहानबख्श खरंच आला. एवढा मोठा बागायतदार, खरकट्या भांड्यांतून वाट काढत माझ्या चुलीपर्यंत आला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "खावर खानम, हात न दुखोत तुमचे."

त्याच्या मागे दुसरा आला, मग तिसरा. माझ्या स्वयंपाकघरात रांग लागली. मी राखेनं भरलेले हात पदराला पुसत होते आणि प्रत्येकाला म्हणत होते, "तुमचंही डोकं न दुखो." गेलारे लग्नाच्या कपड्यांत माझ्याशेजारी उभी राहून हसत होती.

आणि खरं सांगू? त्या दिवशी माझे हात अजिबात दुखत नव्हते.